शेवटच्या दोन पाती

इंदूला जाऊन महिना होत आला होता आणि मला पळायचं होतं.

बाबा ओसरीवर बसून माझ्या तळव्यांना एरंडेल चोळत होते. त्यांची बोटं आता वाकडी झाली होती, पण अंगठ्यात जोर होता. टाचेच्या भेगेत तेल गेलं की झोंबायचं. मी पाय ओढून घेतला तरी ते सोडत नसत.

"बूट नाही घालाचा," ते म्हणाले. "नव्या बुटानं पाय सोलते."

"बूट हाये कोनाजोळ?"

"गुणवंता देत होता म्हने."

"मले लहान होते तो."

"मंग देत कायले होता?"

"म्हनूनच देत होता."

बाबा हसले नाहीत. त्यांनी दुसरा पाय मांडीवर घेतला.

बाबा, म्हणजे मोतीराम, तरुणपणी गावचे कोतवाल होते. पाटलाचा कागद निघाला की तो पळत सौंसरच्या तहसिलीत पोचवायचा. अनवाणी जायचं, आणि पोचल्यावर कचेरीच्या पायरीखाली उभं राहायचं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्यांनी ते काम सोडलं आणि त्यानंतर ते कधीच पळाले नाहीत. पाऊस आला तरी नाही. गावात कुणी मागून हाक मारली, "मोतीराम, पाय उचल", की ते मुद्दाम हळू चालायचे. मी पळायला लागलो तेव्हा पहिले कितीतरी दिवस ते माझ्याशी धड बोलले नव्हते.

"किती राह्यलं, कितवा आहो, हे रस्त्यात कोनाले इचारू नोको," ते म्हणाले. "सांगनारा खोटंच सांगते. चांगल्या मनानं सांगते, पन खोटंच."

मी जंगल खात्याच्या रोपवाटिकेत बरीच वर्षं रोजीवर होतो. पिशव्यांत माती भरायची, सागाची रोपं लावायची, झारीनं पाणी घालायचं. त्या माघात नाकेदारांच्या जागा भरायच्या होत्या. नाकेदार म्हणजे जंगलाचा पक्का राखणदार. खाकी कपडे, दर महिन्याला पगार. सौंसरच्या लाकूड डेपोपासून लोधीखेड्याच्या बाजूला जायचं, तिकडच्या पुलावर हातावर गेरूचा ठिपका घ्यायचा आणि परत डेपोत यायचं. पहिले सहा जण पक्के. बाकीच्यांना चैतापासून काम नाही, कारण आमची रोपवाटिका उठून पांढुर्ण्याकडं जाणार होती. रोपवाटिकेच्या डिप्टी साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "सुखदेव, अगले साल तुम्हारी उमर निकल जायेगी. फिर मत कहना बताया नहीं."

त्यांनी हे सांगितलं भादव्यात. तेव्हा माझी बायको, इंदू, होती.

पळायचं कसं हे मला तिनंच शिकवलं. ती स्वतः कधी पळाली नव्हती. पहिल्या दिवशी मी गावातून निघून मोहगावच्या रस्त्यावरच्या नाल्यापर्यंत जीव खाऊन पळालो आणि नाल्यात ओकलो. परत आलो तर ती वळणावर उभी.

"झाले का नाकेदार?" ती म्हणाली.

मला बोलता येत नव्हतं.

"पयल्याच पातीले सारं आंग खर्चून टाकता तुमी. नवी पोरगी कापूस वेचाले येते, तशी."

कापूस वेचताना प्रत्येक बाईला एक पात असते. दोन-तीन ओळी मिळून एक पात, या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंत. नव्या पोरी सकाळी पहिल्या पातीला पुढं पुढं जातात आणि दुपारी त्यांची कंबर धरते. इंदू सकाळी सगळ्यांच्या मागं असायची. दिवाळीनंतर एका सुट्टीला मी रघुनाथरावांच्या शेतात तिच्या बाजूची पात धरली. बाकीच्या बायका पार पुढं गेल्या. नुसती डोक्यांची फडकी दिसत होती.

"सगळ्या गेल्या ना वं," मी म्हणालो.

"जाऊ द्या. त्याहीच्या पाती त्याहीजोळ."

"अन् आपन?"

"धुऱ्याकडं पाहाचंच नाही. हातापुढचं बोंड पाहाचं. ते झालं का दुसरं. अन् तोंड बंद ठेवाचं. बोल्लं का हवा जाते."

ती मधे मधे उभी राहायची. कमरेवर हात ठेवून कडेच्या पळसाकडं पाहायची आणि मग पुन्हा वाकायची. मी म्हणालो, थकली का? ती म्हणाली, "थकाले काय झालं? जपून चाललो. संध्याकायले कामी पडते."

सुट्टीलाही मला दुपारी रोपांना पाणी द्यायला परत जावं लागायचं. पण दिवस बुडता काट्यावर गाठोडी लागायची तेव्हा मी तिला घ्यायला जायचो. तिचं गाठोडं दुसऱ्या कोणाहून कमी नसायचं. सकाळी सगळ्यात मागं असलेली बाई संध्याकाळी बरोबरीला. म्हणजे शेवटच्या दोन पातींत ती जोर काढत असणार, हे उघड होतं. ते मी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. विचारलं तर म्हणायची, "ते शिकवून नाही येत. येळ आली का आपोआप येते."

मग मी रस्त्याच्या पाती केल्या. घरापासून नाला एक पात. नाल्यापासून आंबा दुसरी. आंब्यापासून जामसांवलीच्या फाट्याकडची बाभूळ तिसरी. एक संपेपर्यंत दुसरीचा विचार करायचा नाही. पहाटे इंदू शेतावर निघाली की तिच्याबरोबर निघायचो आणि पहिली पात तिच्याच चालीनं जायचो. माझे पाय पुढं ओढायचे. ती म्हणायची, "मांगं या." मग मी तिच्या मागं. तिची चाल पायात मुरवायची, मग पळायचं. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. माझा दम वाढत गेला. आता नाल्यापाशी ओकारी येत नव्हती. बाभळीपर्यंत जाऊन परत यायचो तरी बोलता यायचं.

पौषात एका पहाटे ती चुलीपुढं फुंकणी घेऊन बसली आणि तशीच बाजूला कलली. मी पोचलो तेव्हा फुंकणी हातातच होती आणि काटक्या नुसत्या धुपत होत्या. सौंसरचे डॉक्टर म्हणाले, हृदय असेल, एकदम झालं. मीही भेटायला येणाऱ्यांना तेच सांगत राहिलो. एकदम झालं. आदल्या संध्याकाळी तर गाठोडं भरून आणलं होतं तिनं.

दोन आठवड्यांनी मी पुन्हा पळायला लागलो. दुकानदार बापूजी फळी लावता लावता म्हणाला, "आता कोनाच्या मांगं पयून राहिला गा, सुखदेव?" मी पळत पुढं गेलो. तोंड बंद ठेवायची सवय झाली होती.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी मी शेतात सुशीलाकडं गेलो. सुशीला आमच्या शेजारची, इंदूच्या जोडीनं वेचायची. तिच्या पुढच्या पातीत केसरबाई होती. दोघींच्या कमरेला बांधलेल्या ओट्या कापसानं पोटापुढं फुगल्या होत्या.

"सुशीला, एक इचाराचं होतं."

"इचारा ना."

"शेवटच्या दोन पाती इंदू कशी वेचे?"

तिचे हात थांबले. "कशी म्हंजे?"

"सकायी मांगं राहे. मंग संध्याकायी बरोबरी कशी करे? दोन्ही हातानं वेचे का? श्वास कसा घेये? मले उद्या तेच कराचं हाये. बाकी सगळं तिनं सांगतलं, हे नाही सांगतलं."

केसरबाईनं मागं वळून सुशीलाकडं पाहिलं आणि पुन्हा वाकली.

"तुमी उद्या पयून या, भाऊजी," सुशीला म्हणाली. "मंग सांगतो."

"पयल्यावर काय कामाचं?"

"मी येतो ना सौंसरले. संत्रं घेऊन फाटकाजोळ उभी राहीन." तिनं बोंड ओढलं. त्याची वाळकी टोकं बोटाला लागली असावीत. तिनं बोट तोंडात घातलं आणि ती पुढच्या झाडाला गेली.

सकाळी डेपोत खूप पोरं जमली होती. पांढुर्ण्याची पोरं कॅनव्हासच्या बुटांत होती आणि आधीच उड्या मारत होती. लाकडांच्या थप्पीपाशी एक बाबू छाती मोजत होता. माझी पाळी आली. फीत गार होती.

"सीना फुलाओ."

मी फुगवली.

"और फुलाओ. हवा नहीं है क्या अंदर?"

मागची पोरं हसली. त्यानं फीत ओढली, काहीतरी लिहिलं आणि माझ्या बनियनवर नंबरचा कपडा टाचला. टाचणी थोडी कातड्याला लागली.

गुणवंता माझ्याबरोबर रोपवाटिकेतच होता. माझ्याहून बराच लहान. तो मांड्यांना तेल लावत होता.

"काका, एशियाड झालं तवा मी टीव्हीवर पाह्यलं. जो पयल्यापासून पुढं असते, तोच पुढं राहते."

"तू राह्य पुढं."

"तुमी?"

"मी येतो मांगून."

"मांगून तं सगळेच येते," तो म्हणाला आणि हसला.

शिट्टी झाली. पोरं एकदम सुटली. धूळ उडाली आणि ती खाली बसायच्या आत मी सगळ्यांच्या मागं होतो. चहाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडलं, "दादा, बारात निघून गेली!" मी हातापुढचं बोंड पाहिलं. म्हणजे रस्ता. पायापुढचा डांबराचा तुकडा. तो झाला की दुसरा. रेल्वेच्या फाटकापर्यंत पहिली पात. ती मी इंदूच्या चालीनं काढली. पाय ओढत होते, मी मागं राहिलो. मागं या, ती म्हणत होती. मी येत होतो.

फाटकापासून संत्र्याच्या बागा लागतात. मृगाचा बहार तोडणीला आला होता. बागेतली माणसं शिडीवरून पाहत होती. ऊन अजून कोवळं होतं. पुढची पोरं ठिपक्यांसारखी दिसायला लागली. मला त्याचं काही वाटलं नाही. त्यांच्या पाती त्यांच्यापाशी. अर्ध्या वाटेत एक जण रस्त्याच्या कडेला बसून बुटाची नाडी सोडत होता. मग दोघं चालताना दिसले. मी वेग वाढवला नव्हता, तेच मागं येत होते. पुलावर एक नाकेदार गेरूचा डबा घेऊन बसला होता. त्यानं बोट बुडवून माझ्या मनगटावर ठिपका लावला आणि म्हणाला, "अरे, तू तो अभी ताज़ा है."

परतीला मी एकेकाला मागं टाकू लागलो. इंदू सांगायची तसं होत होतं. जी पोरं सकाळी उड्या मारत होती त्यांचे गुडघे आता आत वळत होते. एकानं बूट काढून हातात घेतले होते आणि टाचेतून रक्त येत होतं. गुणवंता बरगडीखाली हात दाबून वाकला होता.

"काका, पानी हाये का?"

"नाही."

"कितवे आहो आपन?"

"इचारू नोको," मी म्हणालो आणि पुढं गेलो. मला वाटलं, आता होणार. किती दिवसांनी मला काहीतरी होणार असं वाटलं. इंदूला सांगायला घरी कुणी नाही हेही त्याच वेळी वाटलं, आणि पाय एकदम जड झाले.

शेवटच्या दोन पाती राहिल्या होत्या. बागेपासून फाटक, आणि फाटकापासून डेपो. ऊन डोक्यावर आलं होतं. घाम डोळ्यांत जात होता. डाव्या पायाचा अंगठा फुटला होता आणि प्रत्येक पावलाला डांबराला चिकटत होता. इथंच तो जोर यायचा होता. आपोआप येते, ती म्हणाली होती. मी वाट पाहिली. मी तिचे हात डोळ्यांपुढं आणले. दिवस बुडत आलाय, बाकीच्या बायका थकल्या आहेत आणि तिचे दोन्ही हात भराभर चालताहेत, बोंडामागून बोंड, ओटी भरतेय. मी तसे पाय टाकायला गेलो. पाय आले नाहीत. तोंड उघडलं. छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. मी पुन्हा तिचे हात आणले. ते दिसेनात. दिसत होती ती कमरेवर हात ठेवून झाडाकडं पाहणारी.

फाटकाजवळ सुशीला उभी होती. तिनं पदराआडून सोललेलं संत्रं पुढं केलं. मी ते घेतलं आणि बाबांनी नको सांगितलेलं तेच केलं.

"कितवा?"

"सहावे आहा, भाऊजी. सहावेच. पया."

फोडी तोंडात फिरत राहिल्या, गिळता आल्या नाहीत. मी त्या थुंकून टाकल्या. डेपोचा दरवाजा दिसत होता. बाहेर माणसं उभी होती. मागून पावलं आली, फटफट, बुटांची. मी बाजूला पाहिलं. गुणवंता होता. त्याचं तोंड वाकडं झालं होतं आणि तो रडत होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. तो पुढं गेला आणि मी त्याची पाठ पाहत राहिलो. पाठीवर घामानं बनियन चिकटलं होतं. मग तो दरवाजातून आत गेला.

डिप्टी साहेब माझ्याजवळ आले. "सातवाँ," ते म्हणाले. "बहुत अच्छा दौड़ा, सुखदेव. सच में." ते आणखी काही बोलणार होते, पण सहा जणांना रांगेत उभं करायचं होतं.

बाबू माझ्यामागं आला. "नंबर वापस करो. और पिन भी."

मी टाचणी काढून दिली.

सुशीला आणि मी मोहगावच्या गाडीनं आलो आणि वळणावर उतरून चालायला लागलो. मला पाऊल टेकवत नव्हतं. ती माझ्यासाठी हळू चालत होती. रघुनाथरावांच्या शेतापाशी आलो तेव्हा मी म्हणालो, "आता सांग."

"जाऊ द्या ना, भाऊजी."

"सांगतो म्हनली होती."

ती धुऱ्यावर बसली. मी उभाच राहिलो, बसलो असतो तर उठता आलं नसतं.

"ती नाही वेचे," सुशीला म्हणाली. "शेवटच्या दोन पाती तिनं वेचल्याच नाही. दसऱ्यापासून नाही."

मी दुखऱ्या पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला.

"दम नाही पुरे तिले. सकायपासूनच नाही पुरे. दोन बोंडं वेचे अन् उभी राहे. दुपारनंतर तं ओठ निळे पडत. मंग ती त्या पळसाखाली बसे. आमी चौघी-पाचजनी तिची पात आपसात घेऊन घेत होतो. आपल्या ओटीतलं मूठ-मूठ तिच्या गाठोड्यात टाकत होतो. मालकाले समजलं असतं तं उद्यापासून येऊ नोको म्हनला असता."

"मले कायले नाही सांगतलं?"

"तिनं आन घातली होती."

"कायले?"

सुशीलानं पायापाशी पडलेलं बोंड उचललं. त्यात किडका कापूस होता. तिनं तो काढून टाकला. "म्हने, त्याहीले समजलं तं ते पयाचं सोडून देतीन. मले नागपूरले घेऊन फिरतीन. माघापावतर होऊ दे, म्हने. मंग सांगीन मीच."

माघ चालू होता.

"मांगं राहाचं, जपून चालाचं, ते?" मी विचारलं.

"तिच्यानं तसंच चालनं होये, भाऊजी," ती म्हणाली. "दुसरं काय करे ती?"

घरी बाबा ओसरीवर होते. त्यांनी माझा पाय पाहिला, तोंडाकडं पाहिलं नाही. आत जाऊन घमेल्यात पाणी आणलं आणि माझ्यापुढं ठेवलं. मनगटावरचा गेरू त्या पाण्यात उतरला.

"कोनाले इचारलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी घमेलं उचललं आणि पाणी अंगणात ओतलं.

फाल्गुन लागला. रोपवाटिकेतली रोपं गाडीत भरून पांढुर्ण्याकडं गेली. भरणी मीच केली. गुणवंता नव्या खाकीत देखरेखीला उभा होता आणि मला काका म्हणायचं की सुखदेव, हे त्याला कळत नव्हतं. शेवटी त्यानं काहीच म्हटलं नाही.

त्यानंतर मी रघुनाथरावांच्या शेतावर गेलो. शेवटचा वेचा होता. झाडं वाळून काळी पडली होती, बोंडं लहान आणि चिवट. पुरुष माणूस पातीला आला म्हणून केसरबाई म्हणाली, "या बाप्पा, नाकेदार." कुणी हसलं नाही, तीही नाही. सुशीलानं मला ओटी बांधून दिली.

सकाळी मी मागं राहिलो. मुद्दाम नाही. अंगठा अजून बरा नव्हता, आणि हाताला सवय नव्हती. बायकांची फडकी पुढं गेली. दुपारी भाकर खाल्ली. पुन्हा वाकलो. कंबर धरली. बोंडांच्या टोकांनी नखांच्या कडा फाटल्या. दिवस उतरला तसा मी हातापुढचं एक बोंड पाहायचो, मग दुसरं. शेवटच्या पातीला मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो आणि त्या पळसाकडं पाहिलं. तो फुलला होता. खाली कुणी नव्हतं. किती वेळ पाहत होतो ते माहीत नाही.

मग मान खाली घालून पुन्हा वेचायला वाकलो तर माझ्या पातीत पांढरं काही उरलं नव्हतं. पार धुऱ्यापर्यंत रिकामी बोंडं होती. पलीकडं सुशीला, केसरबाई आणि दोघी जणी माझ्याकडं पाठ करून आपापली गाठोडी बांधत होत्या. माझं गाठोडं त्यांच्या बाजूला ठेवलेलं होतं. भरलेलं, गाठ मारलेलं.

ते उचलायला मी निघालो. धुरा जवळच होता, पण तिथं पोचायला मला वेळ लागला.